रक्त पातळ करायची गोळी

आमच्याकडं पातळ म्हणजे एकतर नेसायचं, नाहीतर पाणी घातलेलं. दूध पातळ, ताक पातळ, आमटी पातळ. यातलं एकही कुणी कौतुकानं म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. तरीही लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी, "रोज कसली गोळी खातीस गं?" असं विचारलं, तेव्हा मी शाळेतल्या पोरांना सांगावं तशा घाईत सांगून टाकलं, "रक्त पातळ करायची आहे, आत्या." सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या "बरं बरं" म्हणाल्या आणि पुढं शेंगा फोडत राहिल्या. मला वाटलं, कळलं. मी साताऱ्यात हायस्कूलला गणित शिकवते. समोरच्यानं मान हलवली की कळलं असं धरून फळा पुसायची वाईट खोड मला तिथंच लागली असणार.

लहानपणी माझे सांधे धरायचे आणि ताप यायचा. त्या तापानं हृदयातली एक झडप खराब केली. कॉलेजात असताना छाती उघडून ती झडप काढली आणि धातूची बसवली. धातूवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून ही गोळी रोज, जन्मभर. महिन्याला रक्त तपासायचं आणि आकडा अडीच ते साडेतीनच्या मध्ये ठेवायचा. कमी झाला तर गुठळीची भीती, जास्त झाला तर रक्तस्रावाची. लग्न ठरवताना आमच्या घरच्यांनी यातलं काही लपवलं नाही. सासरे, त्यांना मी मामा म्हणते, सगळं ऐकून म्हणाले, "म्हंजे मोटारीचा फुटबॉल बदलला म्हना की." विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या तोंडाशी जी झडप असते, तिला आमच्याकडं फुटबॉलच म्हणतात. "त्यात कचरा अडाकला की पानी धरत न्हाई. कचरा अडकू द्याचा न्हाई, एवढंच न्हवं?" डॉक्टर सोडून इतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं. मामांना कळलं म्हणजे घराला कळलं, असं मी समजून चालले.

मूल हवं असेल तर आधी मला सांगा, मग बाकीचं, असं हृदयाच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. आधी सांगायचंच राहून गेलं. माझी पाळी कधीच वेळेवर नव्हती, त्यामुळं उशीर झाला याचं मला काही वाटलं नाही. घरी तपासणी करून दोन रेघा बघितल्या तेव्हा दोन महिने होत आले होते आणि ते दोन्ही महिने मी इमानेइतबारे गोळी खात होते. नवरा लष्करात, दूर सरहद्दीला. त्याला फोनवर सांगितलं तर तो इतका आनंदानं ओरडला की मी घाबरलेय हे सांगायला जागाच उरली नाही.

मग दोन डॉक्टर आणि मी. साताऱ्यातले हृदयाचे डॉक्टर म्हणाले, झडपेसाठी गोळीइतकं खात्रीचं दुसरं काही नाही. बाळंतपण करणाऱ्या मिरजेच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, पहिल्या तीन महिन्यांत ही गोळी बाळाला बाधू शकते, कधी कधी नाकाचं हाडच नीट वाढत नाही. त्यापेक्षा पोटात घ्यायची इंजेक्शनं बाळापर्यंत पोहोचत नाहीत. "मग इंजेक्शनंच देऊया की," मी म्हणाले. तर म्हणे, झडपेला गोळीइतकी राखण इंजेक्शनं करतीलच असं नाही. "मग करायचं काय?" दोघांनीही शांतपणे सांगितलं, निर्णय तुमचा. मला भयंकर राग आला. एक माझ्या बाजूनं बोलतोय, एक बाळाच्या बाजूनं, आणि मी कुणाच्या बाजूची हे मला कुणी सांगेना. नवऱ्याला विचारलं तर, "तू म्हणशील तसं." मी फोन ठेवून दिला.

शेवटी त्या दोघांनी फोनवर आपसात बोलून मार्ग काढला. तिसरा महिना संपेपर्यंत दिवसातून दोनदा इंजेक्शन, मग परत गोळी, आणि शेवटच्या महिन्यात पुन्हा इंजेक्शन. गोळी मात्र पाच मिलिग्रॅमच्या आत राहिलेली बरी, जितकी कमी तितकं बाळाला बरं. माझी तर चारचीच होती. मी विचारलं, "आणि ते आधीचे दोन महिने?" डॉक्टरबाई म्हणाल्या, "ते झालं ते झालं. बघत राहू." बघत राहू, हे उत्तर मी कुणाला पेपरात लिहू दिलं नसतं.

शाळेला जायच्या आधी मी पलंगाच्या कडेवर बसून स्वतःला इंजेक्शन टोचायची. पोटावर निळे-जांभळे डाग पडले. एकदा आत्यांनी ते बघितले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "दिसतंयच की गं. रक्तात काय दम न्हाई ऱ्हायला." मी हसले. डागांचं कारण वेगळं आहे हे समजावत बसायला मला वेळ नव्हता, एसटी चुकली असती. त्याच आठवड्यात त्यांनी मेथीची परडीभर भाजी केली आणि मी नको म्हणाले. पालेभाजी जास्त खाल्ली की गोळीचा जोर कमी होतो, म्हणून मी ती मोजून-मापून खाते; तेव्हा गोळी बंद होती, पण सवय तीच. आत्यांना मी एवढंच म्हणाले, "मला जास्त चालत नाही." सुनेचे नखरे, असं त्यांनी मनात म्हटलं असेल तर त्यांची चूक नाही. मी बोललेच तशा सुरात.

चौथ्या महिन्यात गोळी सुरू झाली आणि पहिला आकडा आला दोन पॉइंट आठ. छान. पंधरा दिवसांनी एक पॉइंट नऊ. डॉक्टरांनी चारची पाच केली. पुढच्या खेपेला एक पॉइंट सहा. "गोळी चुकतेय का?" त्यांनी विचारलं. मला हा अपमान वाटला. मी कॅलेंडरावर रोजच्या रोज फुली मारणारी बाई. तो कागद त्यांना दाखवला, तर म्हणाले, "फुली मारता ते दिसतंय, गोळी घेता का ते विचारलं." पाचची सहा झाली. बाहेर येऊन मी रिक्षा स्टँडवर रडले. रागानं रडले की भीतीनं, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

गोळी तीच, वेळ तीच, माणूस तेच, आणि उत्तर दर वेळी वेगळं. प्रयोगशाळा चुकतेय म्हणून मी दुसरीकडं रक्त दिलं, तिथंही तेच. गोळ्या बनावट असतील म्हणून दुसऱ्या दुकानातून आणल्या. आठवड्याच्या आठवड्याला काय खाल्लं ते वहीत लिहायला लागले: भात, मुगाची आमटी, दोडका, बाजरीची भाकरी. वहीत एकही पालेभाजी नव्हती. पाचव्या महिन्याची सोनोग्राफी झाली. करणारे डॉक्टर म्हणाले, "नाकाचं हाड दिसतंय. जरा लहान वाटतंय, पण बाळाची मान वळलेली आहे, नक्की सांगता येणार नाही." लहान म्हणजे किती लहान? कुणापेक्षा लहान? आकडा सांगा ना. त्यांनी आकडा सांगितला आणि तो बरा की वाईट ते मला कळलं नाही. घरी येऊन मी आरशात माझं नाक बघत बसले.

त्या दिवसांत एकच गोष्ट सुखाची होती. आत्यांनी माझ्यासाठी पिठाचा वेगळा डबा केला होता. थंडी होती, म्हणून बाजरी. चक्कीवर स्वतः जाऊन, उभं राहून दळून आणायच्या आणि माझी भाकरी वेगळी थापायच्या. "ह्यो डबा तुझा. कुनी हात लावायचा न्हाई." मला भरून यायचं. मी आईला फोन करून सांगितलं की सासूचा जीव आहे माझ्यावर. तेही खरंच होतं.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा रिवाज. माझं माहेर माधवनगर, तिथून मिरज जवळ आणि बाळंतपण मिरजेलाच व्हायचं होतं. त्यामुळं सातव्या महिन्यात मी माहेरी गेले तेव्हा रिवाज आणि डॉक्टर पहिल्यांदाच एका बाजूला होते. आई ज्वारीची भाकरी करायची. मी निवांत झोपायची. सहाची गोळी चालू होती आणि आकडा कसाबसा अडीचला पोहोचला होता, त्यामुळं थोडा जीव भांड्यात पडला होता.

बाराव्या दिवशी सकाळी दात घासताना थुंकी लाल आली. मला वाटलं ब्रश लागला. दुपारी पेरू खाताना पेरूच्या पांढऱ्या फोडीवर रक्त दिसलं. आईनं फोड माझ्या हातातून काढून घेतली आणि चपला घातल्या. मिरजेला रक्त तपासलं, आकडा पाचाच्या वर गेला होता. डॉक्टरबाई पहिल्यांदाच खुर्चीतून उठून उभ्या राहिलेल्या मी बघितल्या. "दोन दिवस गोळी बंद. आणि आत्ताच्या आत्ता बाळाचं डोकं बघायचं. तुमचं रक्त एवढं पातळ झालंय तर बाळाचं त्याहून जास्त झालेलं असू शकतं. आत कुठं रक्तस्राव नाही ना, ते बघू."

सोनोग्राफीच्या टेबलावर मी छताकडं बघत पडले होते. करणारा माणूस गप्प होता. तो गप्प आहे म्हणजे वाईट आहे, की मन लावून बघतोय म्हणून गप्प आहे, हे मला ओळखता येईना. मी मनात पाढे म्हणायला लागले. एकोणीसच्या पाढ्यात चुकले. मग तो म्हणाला, "डोकं ठीक वाटतंय. आठवड्यानं परत बघू." परत तेच, बघू.

दोन दिवसांनी आत्या आणि मामा डोहाळजेवण घेऊन दारात. ते पुढं ढकललंय हे त्यांना कळवायचं या गडबडीत सगळेच विसरलो होतो. हिरवं पातळ, हिरव्या बांगड्या, ओटीचं सामान, आणि आत्यांच्या काखेत पिठाचा डबा. मला बघून म्हणाल्या, "वाळलीस की गं. म्हनून म्हनलं पीठ घिऊन जावं. हितलं नगो, हेच खायाचं."

आईनं भाकरीसाठी डबा उघडला. चिमूटभर पीठ तळहातावर घेतलं, नाकाशी नेलं, आणि माझ्याकडं बघितलं. माझ्या ऑपरेशनापासून आईचं नाक माझ्या खाण्याच्या बाबतीत कुत्र्याचं झालं आहे. "विहीणबाई, ही नुसती बाजरी नाही."

"न्हाईच मुळी," आत्या खुशीत म्हणाल्या. "शेवग्याचा पाला हाय. बांधावरचा. सावलीला वाळवून बाजरीसंगं दळती म्या. बाजरी हिरवट, त्यात कळतबी न्हाई. तीन महिनं तेच खातीया ती, तिला पत्त्या न्हाई. पालेभाजी म्हनलं की त्वांड वाकडं करती, मग काय करायचं? रक्त पातळ झालंय न्हवं तिचं? जरा घट्ट व्हाया नगो?"

मी पहिल्यांदा हसले असेन. खरंच सांगते, पहिली गोष्ट जी वाटली तो आनंद होता. सापडलं! मी चुकले नव्हते, गोळी चुकली नव्हती, प्रयोगशाळा चुकली नव्हती. पाला गोळीला दाबत होता, म्हणून गोळी वाढत गेली. इथं पाला थांबला आणि वाढलेली गोळी एकटी मोकाट सुटली. सगळं गणित एका झटक्यात सुटलं. आणि पुढच्याच श्वासाला माझं डोकं फिरलं.

"आत्या, तुमच्या त्या पाल्यापायी चारची गोळी सहा झाली," मी ओरडले. "एवढ्या गोळीनं बाळाचं नाक, डोकं, काय वाट्टेल ते बिघडू शकतं. कळतंय का तुम्हाला काय केलंय?"

नाकाचा आणि पाल्याचा काही संबंध नव्हता. नाकाची भीती त्या पहिल्या दोन महिन्यांची होती, मी न बघता, न तपासता खाल्लेल्या गोळ्यांची. ती माझी भीती होती. बोलत असतानाच मला ते माहीत होतं, आणि तरी मी तो शब्द आत्यांच्या पदरात टाकला.

आत्या खाली बसल्या. "रक्त पातळ म्हनल्यावं म्या काय समजायचं हुतं, पोरी?"

मामा म्हणाले, "आगं, म्या सांगितलं न्हवतं का, फुटबॉलचं?"

"तुमी सारखं मोटारीचंच बोलता," आत्या म्हणाल्या. "मला वाटलं मोटारीचंच सांगतायसा."

आईला हसू आलं आणि तिनं ते तोंडावर पदर घेऊन दाबलं. मला मात्र आलं नाही. पाच मिनिटांत ओटी भरली. आत्यांनी माझ्या तोंडाकडं न बघता कुंकू लावलं, डबा परत काखेत घेतला आणि न जेवता दोघं गेली. मी त्यांना थांबवलं नाही. संध्याकाळभर मी चिडलेली होते आणि मला त्यांच्या हातची भाकरी खावीशी वाटत होती, दोन्ही एकदमच. डॉक्टरबाईंना फोन केला तर त्या मोठ्यानं हसल्या. "कारण मिळालं ना? मग रागावताय कशाला? कारण मिळत नाही तेव्हा मला झोप येत नाही." गोळी परत चारवर आली, आकडा तीनच्या आसपास स्थिरावला आणि पुढच्या सोनोग्राफीतही डोकं ठीक दिसलं. आत्यांचा फोन मात्र आला नाही. मीही केला नाही. रोज मामा आईला फोन करून विचारायचे, आणि मागून कुणीतरी हळूच, "जेवली का विचारा," असं म्हणताना ऐकू यायचं.

शेवटच्या महिन्यात मिरजेला दाखल झाले. पुन्हा इंजेक्शनं, मग ठरलेल्या दिवशी तीही थांबवली. रक्त घट्टही नको, पातळही नको अशी काही तासांची एक फट होती आणि त्या फटीतून बाळाला बाहेर यायचं होतं. हृदयाचे एक डॉक्टर खोलीत माझ्या डोक्याशी उभे होते आणि डॉक्टरबाई पायाशी. कळांच्या मध्ये मला भलतेच विचार येत होते: नववीचे पेपर तपासायचे राहिलेत, नवऱ्याची रजा मंजूर झाली का, मी मेले तर हिरवं पातळ कोण नेसेल. भरदुपारी मुलगी झाली. ती रडली आणि मला रक्त जास्त जायला लागलं. त्या तासाभराचं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की नर्सनं मुलगी दाखवायला आणली तेव्हा मी विचारलं, "नाक कसं आहे?" ती बुचकळ्यात पडली. "नाकासारखं आहे की, ताई."

नाक बसकं होतं. दोन डोळ्यांच्या मध्ये जणू कुणी अंगठा ठेवून हलकेच दाबलं होतं. बाळांच्या डॉक्टरांनी तपासलं, श्वास ऐकला, दूध पिताना बघितलं. सगळं चांगलं होतं. "बऱ्याच बाळांचं असतं असं. गोळीमुळं असेल, नसेलही. मोठी होईल तसं कळेल." आई म्हणाली, तेल लावून चोळलं की होतंय सरळ. मी दिवसभर त्या नाकाकडं बघायची. कधी ते मला जगातलं सगळ्यात गोड नाक वाटायचं आणि कधी ते दोन महिने तिथं बसलेले दिसायचे. नवऱ्याला फोटो पाठवला. तो म्हणाला, आठवड्यात येतोय, आणि नाकाबद्दल अवाक्षर बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आत्या आल्या. एकट्याच. या खेपेला हातात डबा नव्हता, पिशवीही नव्हती. बाळंतिणीला बघायला रिकाम्या हातानं आलेली बाई मी पहिल्यांदाच बघत होते. त्या दाराशीच उभ्या राहिल्या. मी बाळ पुढं केलं. त्यांनी पदर पसरून घेतलं, खिडकीपाशी उजेडात नेलं, आणि बराच वेळ त्यांची पाठच मला दिसत होती. मग न वळताच त्यांनी विचारलं, "नाक... माझ्या पाल्यानंच झालं न्हवं ह्ये?"

सांगायला हवं होतं ते सगळं माझ्या तोंडापर्यंत आलं: पाल्याचा संबंध नाही, मीच खोटं बोलले, दोन महिने मीच बेसावध राहिले. एवढं सगळं बोलायचं त्राण माझ्यात नव्हतं, की धीर नव्हता, देव जाणे.

"नाही, आत्या," मी म्हणाले. "तुमच्या लेकाचं नाक आहे ते."

माझ्या नवऱ्याचं नाक पोपटासारखं आहे. शाळेत त्याला त्यावरून चिडवायचे, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. आत्या वळल्या. माझ्याकडं बघितलं, परत बाळाकडं बघितलं, आणि बोट त्या बसक्या जागेवरून हळूच खाली फिरवत म्हणाल्या, "व्हय. त्येचंबी ल्हानपनी आसंच हुतं. मागनं वर आलं."

त्याचा तान्हेपणाचा एकही फोटो घरात नाही. ते खरं होतं, की त्यांनी माझं खोटं मला झाकून परत दिलं, मला अजून कळलेलं नाही. मुलगी आता दुसऱ्या वर्षात आहे. मी कधी विचारलं नाही.